सातवी भट्टी

तीन वर्षं प्रयोगशाळेत खपून तिने कणाकणात लोखंड ओवलेलं प्लास्टिक तयार केलं होतं. भट्टीत प्लास्टिक जळून जावं आणि लोखंडाचे अतिसूक्ष्म कण मागे उरावेत, एवढीच आस. सहा वेळा उरली ती नुसती राख. लोहचुंबकाला त्या राखेने दादच दिली नाही. सातव्या वेळी तिने भट्टीतून काढलेली वाटी टेबलावर ठेवली आणि न तपासताच राजीनामा लिहायला बसली.

"अहो ताई," टेबल पुसणाऱ्या मावशी वैतागून म्हणाल्या, "हा लोहचुंबक उचलला, तर वाटीतलं सगळं काळं त्यालाच येऊन चिकटलं. झटकून झटकून हात दुखले, मेलं सुटतच नाही!"

तिच्या हातातलं पेन गळून पडलं.

"मावशी, झटकू नका! लोखंड आहे ते. जगात सगळ्यात आधी तुम्हालाच दिसलं."