विहिरीतला काठ

"ही भिंत दुपारपर्यंत बांधून काढतो," नंदीश गवंडी ऋतुजाला म्हणाला.

होटगीजवळच्या गौरम्माच्या विहिरीत दोघं परांचीवर उभी होती. ऋतुजा जुन्या खडकांचा नकाशा करत होती. विहिरीत वर काळा पाषाण, खाली काळा पाषाण आणि मधे वीतभर राखाडी, मातकट दगड. त्यात तांदळाएवढे शंख. हा पट्टा मावळतीकडून येऊन विहिरीच्या भिंतीतच निमुळता होत संपला होता. म्हणजे इथे कधीकाळी उथळ तळं होतं आणि त्याचा काठ नेमका या विहिरीतून गेला होता. हे कळल्यावर ऋतुजा बाईसाहेबांना एवढा आनंद झाला, की हातातली हातोडी खाली पाण्यात गेली.

पण तोच मऊ पट्टा दर पावसाळ्यात ढासळायचा. आज तो सिमेंटच्या आड जाणार होता. मग नकाशावरची तिची काठाची रेघ खरी की मनातली, हे पुढे कुणी तपासायचं कसं?

"थोडी जागा उघडी ठेवा ना, नंदीशदादा."

"उघडं ठिवायचं म्हंजे एकच, पानी राखनाऱ्या देवींना, आसरांना, दिवा लावायचा कोनाडा. त्यो उगवतीला असतोय, म्याडम. वर बसलेल्या अव्वाला इचारा."

ऋतुजानं शंख असलेला दगडाचा एक तुकडा घमेल्यात ठेवून दोर हलवला. काठावरच्या गौरम्मानं घमेलं वर ओढलं, तुकडा पदरानं पुसला, डोळ्यांजवळ नेला.

"गोगलगाय हाय की गं ही. हितं कशी आली?"

"तळं होतं, अव्वा. त्याच्यावरनं आग वाहत आली. तिचाच हा काळा दगड झाला."

"कवा?"

"माणूस नव्हता तेव्हा."

"कुनीच न्हाय?"

"कुणीच नाही."

"मग पानी राखत कोन हुतं?"

हे ऋतुजाला कुणी शिकवलं नव्हतं. खरं तर तिलाही ते जाणून घ्यावंसं वाटलं.

गौरम्मा उठली. तिनं उगवतीच्या भिंतीकडे पाहिलं, मग मावळतीच्या.

"नंदीश, कोनाडा त्या शंखांपाशी ठेव. कडंनं घट्ट बांध, मागं शिमिट लावू नगंस."

"मावळतीला? लोक काय म्हनतील, अव्वा?"

"म्हनू देत. आसरा आदीच तितं येऊन बसल्यात. आपन आत्ता आलो."