पहिल्या लॉटमधली

गाडी विकत घ्यायला आलेल्या बाईंनी ती सुरूसुद्धा करून बघितली नाही. बॉनेट उघडून चासी नंबर वाचला, मग गॅरेजच्या फरशीवर सरळ गुडघे टेकले आणि मागच्या चाकांखाली टॉर्च मारला.

"हा दांडा मूळचाच आहे ना?"

"कोणाला हातसुद्धा लावू दिलेला नाही," दातांचे डॉक्टर छाती फुगवून म्हणाले. लोकांचे दात बदलण्यात त्यांची हयात गेली होती. या गाडीचा मात्र त्यांनी साधा स्क्रूही बदलला नव्हता. ही स्पोर्ट्स कार पहिल्या लॉटमधली होती. पुढे कंपनीने त्या लॉटच्या गाड्या परत बोलावून मागच्या चाकांना धरून ठेवणारा दांडा फुकट बदलून दिला. डॉक्टरांनी आपली गाडी पाठवलीच नाही. दांडा बदलला की गाडी चारचौघींसारखी, आणि भाव निम्म्यावर. हौशी घेणारे पैसे मोजतात ते या मूळच्या दांड्यासाठीच.

"बरं," बाई म्हणाल्या. कपडे झटकत उठल्या आणि त्यांनी आकडा सांगितला.

डॉक्टरांना ठसका लागला. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात बायको उभी होती. गाडी खरं तर लेकीची होती, म्हणजे होणार होती. लायसन्स मिळालं की चावी तुझ्या हातात, असा शब्द त्यांनी लेकीला ती शाळेत असल्यापासून दिला होता, आणि तिची चाचणी आता तोंडावर आली होती. याआधी आलेल्या गिऱ्हाइकांना डॉक्टरांनी चहा पाजून वाटेला लावलं होतं. पण एवढा आकडा कोणी उच्चारला नव्हता.

"तुमची गाडी, तुम्ही ठरवा," बायको म्हणाली आणि आत निघून गेली.

डॉक्टरांनी ठरवलं.

"बाबा, तुम्ही शब्द दिला होतात," लेक संध्याकाळी एवढंच म्हणाली. तुला नवी कोरी घेऊ, याहून भारी घेऊ, असं ते बोलत राहिले. लेकीने खोलीचं दार लावून घेतलं. नंतर ती त्यांच्याशी बोलायची ते कामापुरतंच.

गाडीचं कापडी छत माळ्यावरच राहून गेलं होतं. मूळ छत नसलेली गाडी म्हणजे कवळी नसलेलं तोंड, असं मनाशी म्हणत डॉक्टर ते घेऊन बाईंनी दिलेल्या पत्त्यावर गेले. बंगला असेल, निदान मोठं गॅरेज तरी, अशी त्यांची समजूत होती. होतं ते भंगाराचं आवार. पत्र्यांचे ढीग, तेलाने काळी पडलेली माती, आणि मधोमध गाड्या चेपायचं भलंमोठं यंत्र. यंत्राच्या जबड्यात त्यांची लाल गाडी होती. बॉनेट अर्धवट चेपलं होतं. काचा सगळीकडे सांडल्या होत्या.

त्यांच्या हातातलं छत खाली पडलं.

"थांबवा! अहो, वेड लागलंय का तुम्हाला?"

यंत्रावरच्या माणसाने बाजूला उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. बाईंनी हाताने खूण केली, चालू दे.

"माझी मुलगी असल्याच गाडीत गेली," त्या म्हणाल्या. यंत्राच्या आवाजात त्यांना ते ओरडून सांगावं लागलं. "साधं वळण होतं. वेगसुद्धा नव्हता. तो दांडा मोडला, मागचं चाक आत दुमडलं, गाडी उलटली."

डॉक्टर त्यांच्याजवळ सरकले. "मग... दांडा बदलून घ्यायचा. गाडी कशाला मोडायची?"

"आधी तेच केलं. एकेका मालकाच्या दारात जाऊन हात जोडले. भाव उतरेल म्हणाले. मग स्वतः घेऊन बदलला आणि गाडी विकली. घेणाऱ्याने जुना दांडा कुठूनतरी पैदा करून परत बसवला."

गाडीचं दार कागदासारखं आत गेलं. डॉक्टरांनी मान फिरवली.

"पण तुम्ही अशा मोडत गेलात, तर उरलेल्या आणखी महाग होतील."

"होतातच आहेत," बाई म्हणाल्या. "शेवटची मला परवडेल की नाही, देव जाणे."

डॉक्टर तडक घरी आले. लेक ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीतून सरावाला गेली होती. बायको स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. ते तिच्यासमोर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. वळण, दांडा, चाक. सांगताना मध्येच त्यांना आपली लेक त्या सीटवर दिसली.

"देवानेच धाडलं त्या बाईंना आपल्याकडे," शेवटी ते म्हणाले.

"देवाने नाही. मी फोन केला होता."

"तू? मग मला का नाही सांगितलंस?"

"दांडा बदलून घ्या म्हणून किती वर्षं सांगितलं. तुम्ही म्हणायचात, तुला गाड्यांमधलं कळत नाही. त्यांच्या मुलीची बातमी पेपरात आली, तीही वाचून दाखवली होती. तुम्ही म्हणालात, तिला चालवता येत नसेल."

त्यांना ते आठवलं. बायकोने मान वर केली नाही. तिच्या हातातली पानं तशीच राहिली होती.

"पण एवढी मोठी किंमत," ते पुटपुटले, "त्या बाईंनी आपण होऊन..."

"गाड्यांमधलं नसेल मला कळत," बायको म्हणाली. "पण लेकीला दिलेला शब्द तुम्ही कितीला मोडाल, ते कळतं. तो आकडा मीच त्यांना सांगितला."