बाथरूमकडे जाणारी भिंत

शेजारणीबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन काकू घरी परतल्या, सवयीने पॅसेजच्या भिंतीला हात टेकला आणि त्यांचा पाराच चढला. भिंत गुळगुळीत झाली होती. वर ओलीही होती.

सकाळी तिच्यावर आडव्या रेघा होत्या. बाथरूमकडे जायचं तर रेघा, स्वयंपाकघराकडे जायचं तर ठिपके, दाराच्या चौकटीभोवती गोणपाटाचा छाप, असं सगळं त्यांनी रंगाऱ्याच्या मागे लागून करून घेतलं होतं. वर्षभरात नजर इतकी गेली होती की समोरच्याचं नाक-तोंड दिसेना, भडक रंग तेवढा कळे. डोळे गेले तरी बोटं शाबूत होती. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेली बोटं ती, हात लावून कापड ओळखणारी.

"कोणी केलं हे?"

"दादांनी सांगितलं, काकू," रंगारी चाचरत म्हणाला. "सगळं घासून काढून वरून लांबीचा लेप दिलाय. हात नका लावू, वाळायचीय अजून."

दादा, म्हणजे काकूंचा मुलगा, बाहेरच्या खोलीतून आला. "आई, भिंत आहे की किसणी? भाडेकरू बघायला आले तर दारातूनच परत जातील."

"कुठले भाडेकरू?"

मुलाने जीभ चावली. पण आता बोलून बसला होता.

"पुढच्या महिन्यापासून तू आमच्याकडे राहायचं. ठरलंय आमचं."

"तुमचं ठरलंय. मला कोणी विचारलं?"

"काय विचारायचं त्यात? इथे एकटी कुठे धडपडलीस म्हणजे? परवा बाथरूम समजून कपाटाचं दार उघडून उभी होतीस. मी पाहिलंय."

काकूंना ते फार लागलं. खोटं असतं तर एवढं लागलं नसतं. त्या दिवशी कपाटातल्या साड्या हाताला लागल्या, तेव्हाच त्यांना चूक कळली होती. आणि त्याच संध्याकाळी त्यांनी रंगाऱ्याला फोन केला होता.

"बरोबर पाहिलंस," त्या म्हणाल्या. "आता हेही बघ."

त्यांनी उजव्या हाताची चारही बोटं ओल्या लांबीत रुतवली आणि चालायला लागल्या.

"आई, अगं काय करतेस! सगळं काम वाया जाईल!" मुलगा हात धरायला पुढे आला. काकूंनी कोपरानेच त्याला बाजूला सारलं. रंगाऱ्याने आपली बादली त्यांच्या वाटेतून उचलली.

बोटांमागे चार रेघा उमटत गेल्या. जरा वाकड्या, एका ठिकाणी खोल, पण कुठे न तुटलेल्या. कपाट मागे पडलं. भिंत संपली तिथे काकू वळल्या, दार ढकललं, आत गेल्या आणि कडी लावली.

पॅसेजमध्ये दोघे पुरुष भिंतीकडे बघत उभे राहिले. मुलाने रंगाऱ्याला खूण केली, पूस म्हणून. रंगाऱ्याने लांबी ओढायचा पत्रा हातात घेतला, रेघांपाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. मग बाथरूमच्या दारापाशी जाऊन त्याने विचारलं, "काकू, ह्याच्यावर रंग कुठला देऊ?"

आत नळाचं पाणी थांबलं.

"केशरी द्या. भाडेकरू दारातूनच परत जाईल असा."