किल्ली असूनही

"आधी त्या बटणावरून हात काढ," रेविन म्हणाली.

नेव्हिलनं काढला नाही. जेटीवरच्या मच्छीमारांच्या शेडमध्ये, चीज रोलच्या ताटलीशेजारी, तिचाच लॅपटॉप पुढ्यात ओढून तो बसला होता. बटण दाबलं की 'केल्प' या प्रोग्रामची नक्कल नव्या नावानं जगापुढे जाणार होती, आणि केल्पसाठी फुकट राबणाऱ्या माणसांना जुन्या घरात राहायचं की नव्या, ते ठरवावं लागणार होतं. त्यात नियमाबाहेरचं काहीच नव्हतं. केल्प सगळ्यांनी मिळून लिहिलेला, सगळ्यांना खुला. कुणीही तो उचलून वेगळी चूल मांडू शकतो. पण इथल्या, रिव्हर्टनच्या नदीमुखापासून पार फिजीपर्यंत लहान होड्यांना भरती-ओहोटी सांगणाऱ्या या घराच्या दोन चुली झाल्या, तर दोन्हीकडचा भात कच्चाच राहणार हे रेविनला दिसत होतं. शाळेत गणित शिकवून उरलेल्या सगळ्या संध्याकाळी तिनं याच घरात घातल्या होत्या.

"वाट कसली बघतेस? नाव गेलं, किल्ल्या गेल्या, सगळं त्या मेलबर्नच्या कंपनीनं विकत घेतलं," नेव्हिल म्हणाला. "आणि आल्या आल्या पहिलं काय केलं? मुखाशी लाटा फुटताहेत का ते बघायचं, तर म्हणे आधी पासवर्ड टाका! मी तिथं होडी सांभाळू की पासवर्ड आठवू?"

"टाका नाही. टाकायला लावू का, असं विचारलंय. मी नाही म्हटलंय."

"मग त्या 'नाही'खाली लिहिलेलं हे तुझं नाही?" नेव्हिलनं स्क्रीन तिच्याकडे वळवली. "इथं सिग्नल गेला की अडकेल, हे असं लिहा, ते तसं लिहा... बाई गं, चोराच्या सुरीला धार लावून दिलीस तू!"

रेविन ओशाळली. खोड जुनी होती. केल्पमध्ये रीतच तशी होती: आपण केलेला बदल आपणच आत घ्यायचा नाही, दुसऱ्यानं तो ओळ न् ओळ तपासायचा, आणि बदल आवडला नाही म्हणून तपासणीत कुचराई करायची नाही. वर ठळक 'नाही' लिहून खाली तिनं सवयीनं सगळं निगुतीनं तपासलं होतं. पण रीत वेगळी आणि किल्ली वेगळी. कंपनीनं नेमलेला तो ऑकलंडचा विलिआमी फिफिता, मनात आणलं तर तिचा नकार डावलून बदल आत घेऊ शकत होता. तसं झालं की मग बटण दाबण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

फोन वाजला. विलिआमीच होता. तिनं स्पीकर लावला आणि नेव्हिलला गप्प बसायची खूण केली.

"रेविन, तुम्ही लिहिलेलं वाचलं. तो बदल मी मागे घेतलाय," विलिआमी म्हणाला. "सिग्नल गेला की माणूस भर समुद्रात अडकेल, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमच्या ऑफिसात सिग्नल जात नाही ना."

नेव्हिल नाकातल्या नाकात हसला.

"आणि तुमचे साहेब?" रेविननं विचारलं.

"साहेब म्हणाले, किल्ली आपली, मग विचारायचं कशाला? मी म्हटलं, वापरून बघा. दुसऱ्या दिवशी नुसती पाटी आपली असेल, दुकान उठून गेलेलं असेल. कुरकुरले, पण कबूल झाले. नकार डावलायची सोय आत्ताच बंद केलीय. आता आमच्या माणसालाही तुमच्यापैकी दोघांचा होकार लागेल. बघा ना."

रेविननं नेव्हिलच्या हाताखालून लॅपटॉप ओढून घेतला. खरंच तसं होतं.

"उद्या पुन्हा चालू कराल!" नेव्हिलला राहवलं नाही.

"कोण बोलतंय?"

"होडीवाला!"

"करू शकतो, दादा," विलिआमी म्हणाला. "म्हणून सांगतो, तुमची ती नक्कल तयार आहे असं सगळे बोलताहेत, ती पुसू नका. तुमच्या जागी मी असतो तर मीही पुसली नसती."

रेविनचे डोळे भरून आले, आणि त्याची लाज वाटून फोन ठेवता ठेवता तिनं एक गार झालेला चीज रोल तोंडात कोंबला.

तो गिळून होतो न होतो तोच विलिआमीचा नवा बदल तपासणीला आला. चांगला होता: सिग्नल नसला तरी शेवटची भरती दिसत राहील असा. रेविननं चष्मा चढवला, सगळा वाचला आणि लिहिलं, 'नाही. जुन्या फोनवर चालवून बघितलेला दिसत नाही. बघा आणि पुन्हा पाठवा.'

"अगं ए!" नेव्हिल ओरडला. "आत्ता कुठं जमलंय, तर लगेच मालकाला नाही?"

पलीकडून उत्तर आलंसुद्धा: 'बरोबर. बघतो.'

"मालक असता," रेविन म्हणाली, "तर विचारायला आला असता का?"