बोटाखालचा नकाशा

"बोट ठेवलं तिथंच मोठं होतंय!" सर टॅबलेटवरचा बंगल्याचा नकाशा चिमटीनं ताणत म्हणाले. "केतकी, कमाल केलीस!"

ऊर्मिलाच्या पोटात दुखू लागलं. ॲपमधल्या या झूमसाठी ती तीन आठवडे झटली, तरी नकाशा बोटाखालून निसटायचाच. ऑफिसात आलेल्या ह्या नव्या पोरीनं मात्र दोन दिवसांत काम फत्ते केलं.

जेवणाच्या सुट्टीत ऊर्मिला एकटीच नकाशा ओढून, ताणून, फिरवून खोट शोधत बसली. अखेर सापडली. नकाशा आडवा फिरवला, की स्वयंपाकघरावर बोट ठेवावं तर जिना मोठा व्हायचा. दोष झूमचाच, तिनं ठरवून टाकलं. सगळे परतताच तिनं मुद्दाम मोठ्यानं हाक मारली, "सर, कमाल बघायला या जरा!"

सरांनी केतकीचा कोड नीट वाचला. "झूम बरोबर आहे. चूक फिरवण्यात आहे. तो भाग कुणी लिहिलाय?"

केतकीनं मान खाली घातली. शेवटी ऊर्मिलालाच बोलावं लागलं, "मी."

सर गेल्यावर केतकी हळूच म्हणाली, "मॅडम, मला सकाळीच दिसलं होतं. तुम्ही एकट्या असताना सांगणार होते."

ऊर्मिलाला तिचा आधीपेक्षाही जास्त हेवा वाटला.