भेसळ

दोन जाती, दोन्ही नामशेष व्हायच्या वाटेवर. प्रत्येकीचं एकेकच झाड उरलेलं. परागांची भेसळ नको म्हणून बाईंनी एक आपल्या खोलीत ठेवलं, दुसरं नवऱ्याच्या. कपडे झटकल्याशिवाय दोघं एकमेकांच्या खोलीत पाऊल टाकत नसत. झाडं भरभरून फुलत, पण बी काही धरत नसे. बाईंची मती गुंग झाली. शेवटी तुलना करायची म्हणून त्यांनी नवऱ्याकडून एक फूल मागून घेतलं आणि आपल्या फुलाशेजारी भिंगाखाली ठेवलं. आपल्यात नुसते पुंकेसर, त्याच्यात नुसताच स्त्रीकेसर.

"अहो, या दोन जाती नाहीतच. जोडपं आहे हे. तुमची कुंडी आधी इकडे आणा."

नवरा गोंधळून दारातच थबकला.

"अगं, ते झाड परवाच वाळलं. एरवी मी फूल तोडून दिलं असतं का?"