बुडीत यादीतलं शेवटचं नाव

"तीन वर्षं उलटलेली उधारी बुडीत धरायची. नियम म्हणजे नियम," सीएंकडून आलेला भिकन म्हणाला आणि उज्वलाने पेनचं टोपण काढलं.

मार्चअखेर होती. पंचवटीतल्या पाइप-मोटारींच्या दुकानात पंखा नुसताच गरगरत होता. बी.कॉम. झालेली सून घरात आल्यापासून अण्णांनी मुनीम ठेवला नव्हता. सुनेला पगार कोण देतं?

ती एकेक नाव उतरवत गेली. कुणी दुकान बंद केलेलं, कुणी गाव सोडलेलं. शेवटचं नाव लिहिताना तिचा हात अडला नाही. वाल्मीक कोटमे, येवला. तिचे वडील. व्याह्यांकडूनच त्यांनी उधारीवर पाइप नेले आणि वर्षभरात त्यांचं दुकान बसलं. तेव्हापासून उज्वलाने माहेरचं नाव काढलं, सातपूरच्या कंपनीतल्या नोकरीचं काढलं, की सासूबाई आतून ऐकवायच्या, "आधी बापाला म्हणावं, उधारी चुकती कर. मग उंबरा ओलांड."

तीन वर्षं कधी होतात याचीच ती वाट बघत होती. एकदा नाव बुडीत गेलं, की ऐकवायला कुणाला तोंड उरणार नव्हतं. लेकीला, मोहिनीला घेऊन चार दिवस येवल्याला जायचं. मग सातपूर.

पहिलीतली मोहिनी तिला रेलून बसली होती. दिसेल ती पाटी वाचायचा तिला सध्या नाद लागला होता.

अण्णांनी चष्मा लावून यादी पाहिली. त्यांचा आवाज कधी चढत नसे.

"व्याह्यांचं नाव काढा यातून."

"अहो अण्णा, एक रुपया आला नाही तिकडून," भिकन हसला. "सूनबाईंनी सख्ख्या बापाला सोडलं नाही, तुम्ही कशाला सोडताय?"

"त्याला तारण आहे."

"काय सांगता! मग तारणाच्या रकान्यात दाखवावं लागेल. काय आहे, सोनं की जमीन?"

"आहे घरातच. इतकी वर्षं कुठे गेलं नाही, आता काय जातंय!" अण्णा गालात हसले. "सूनबाई, लिही तूच काहीतरी. आणि दोन चहा टाक."

उज्वलाचं पेन थांबलं. मग तिने त्या रकान्यात, एरवी लिहायची तशाच वळणदार अक्षरात, एकच शब्द लिहिला.

मोहिनी पुढे वाकली. तिने बोट ठेवलं आणि अक्षराला अक्षर जोडत, दुकानभर ऐकू जाईल असं वाचलं, "उ... ज्व... ला. आई, हे तर तुझं नाव!"